मोनाच्या दाताचा दुसरा एक्स-रे

एप्रिलातला वळीव कुणाला विचारून येत नाही. राजारामपुरीत त्या दिवशी चांगलं रखरखीत ऊन होतं, आणि बघता बघता आभाळ काळवंडलं, धुळीचा एक लोट उठला आणि टपटप टपोरे थेंब सुरू झाले. रिक्षावाल्यांनी पडदे सोडले, क्लासची पोरं सॅक डोक्यावर धरून पळाली, आणि मोना कांबळे तोंडाला टॉवेल दाबून एका औषधाच्या दुकानाच्या पत्र्याखाली शिरली.

तिथं आधीच एक जण उभा होता. उंच, किडकिडीत, चष्म्याच्या काचांवर थेंब, हातात कागदी कपातला चहा. त्यानं टॉवेलवरचा लाल डाग पाहिला आणि न बोलता सरकून तिला कोरडी जागा दिली. जागा एकालाच पुरेल एवढी होती. त्याचा उजवा खांदा भिजायला लागला.

"लागलंय का?" त्यानं विचारलं.

"न्हाय, लिपस्टिक जास्त झालीया," मोना टॉवेलाआडून म्हणाली.

तो हसला. आवाज न करता, नुसते डोळे बारीक करून. मोनाला ते हसणं उगीचच आवडलं.

"गोलकीपर हाय मी," तिनं सांगून टाकलं. कुणी न विचारताही ती हे सांगायची, कारण सांगताना तिला बरं वाटायचं. "सरावाला बॉलवर झेप घेतली आन् समोरच्या पोरीचा गुडघा थेट तोंडावर. खरं बॉल सोडला न्हाय."

"म्हणजे गोल वाचला."

"व्हय की! दाताचं तेवढं बघाय पायजे. आमच्या पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून आणाय सांगितलंय. ह्येच की, वर दुसऱ्या मजल्यावर." तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी पण तिकडंच?"

"हो… तिकडंच."

"दात दुखतोय?"

"नाही. पण काम दातांचंच आहे."

"भ्या वाटत असंल तर सांगा पावणं, सोबतीनं जाऊ," मोना म्हणाली. "मला मशीनीचं भ्या न्हाय. खरं त्या एक्स-रेवाल्यांवर माझा इश्वास न्हाय. तुमाला खुर्चीत बसवत्यात, 'काय हुत न्हाय, काय हुत न्हाय' म्हणत्यात, आन् बटण दाबायच्या टायमाला आपण सोता भाईर पळत्यात. काय हुत न्हाय तर पळतोस कशाला बाबा? मी गोलकीपर हाय. पळणारा माणूस मला लांबनं कळतोय."

त्यानं चहाचा एक घोट घेतला. "सरावात एखादा बॉल छातीवर बसला तर काय होतं?"

"काय न्हाय. चोळायचं आन् उठायचं."

"आणि तोच बॉल दिवसभर, रोज, वर्षानुवर्षं त्याच जागी बसत राहिला तर?"

मोनानं टॉवेलाची घडी बदलली.

"तुमचा वर्षातून एखादा फोटो निघतो," तो म्हणाला. "त्यात जेवढे किरण असतात, तेवढे तर आपल्याला एखाद्या दिवसात जमिनीतून आणि आभाळातूनही मिळतात. पण आतल्या माणसाला दिवसभर फोटोच काढायचे असतात. म्हणून तो बाहेर जातो. आणि पळत नाही हो… चालत जातो."

"तुमाला लई म्हायती दिसतीया."

"थोडीफार."

पाऊस जसा आला तसा थांबला. दोघं जिना चढून वर गेले. काउंटरवरची रूपाली उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, भिजलात की! आत पेशंट थांबल्यात."

'सर' शांतपणे आत गेले, खुंटीवरचा पांढरा कोट अंगात घातला आणि दारातून मोनाकडे वळले. "मी डॉक्टर धैर्यशील चौगुले. एक्स-रेवाला."

दुसरी एखादी लाजेनं चूर झाली असती. मोनानं कमरेवर हात ठेवला. "मग खाली सांगाय काय झालतं?"

"तुम्ही इतकं मनापासून बोलत होता… मध्येच कसं तोडणार?"

मोनाचा नंबर येईपर्यंत रूपालीनं आपले नेहमीचे प्रश्न विचारून घेतले. आधीचा दाताचा एक्स-रे आहे का, असला तर दाखवा, कधी कधी नवीन काढावाच लागत नाही. लग्न झालंय का? दिवस गेल्याची काही शक्यता?

"लगीन न्हाय. आन् शक्यता तर त्याच्याहून न्हाय," मोना मोठ्यानं म्हणाली. बाकड्यावरच्या दोन आज्या पदराआड हसल्या.

"रागावू नका, सगळ्या बायकांना विचारतो आम्ही," रूपाली म्हणाली. "असली शक्यता, तर आधी सांगितलेलं बरं असतंय."

आतल्या खोलीत धैर्यशीलनं मोनाच्या अंगावर शिशाचा जड एप्रन घातला, गळ्याभोवती पट्टा लावला. बोटानं दात हलकेच हलवून पाहिला, हिरडीच्या कडेचं रक्त टिपलं. त्याची बोटं गार होती आणि फार हलकी.

"ही पट्टी तोंडात ठेवतोय. नाकानं श्वास घ्या. आणि हलायचं नाही. हललात तर फोटो पुसट येतो, मग परत काढावा लागतो. आणि गरजेपेक्षा जास्त काढायचा नसतो."

"किती येळ?"

"पेनल्टी मारणारी धावत येते आणि तुम्ही तिच्या पायाकडे बघत थांबता ना… तेवढा."

मोना थांबली. अशी थांबली की पापणीसुद्धा लवली नाही. काचेपलीकडून तो तिच्याकडे बघत होता, आणि बटण दाबायला त्याला गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

पडद्यावर दात उमटला. सरळ, अखंड मूळ. मोनानं मान पुढं काढली. "चांगला हाय की!"

"या फोटोत तरी काही दिसत नाही," तो हळूच म्हणाला. "पण दात हलतोय. रक्त हिरडीच्या आतून येतंय. मला आणखी एक फोटो काढावासा वाटतोय… वेगळ्या कोनातून."

मोनाच्या कपाळाला आठी पडली. रविवारी अंतिम सामना होता. मुलींच्या स्पर्धेचा. तो बघायला राज्याच्या शिबिरासाठी निवड करणारी माणसं येणार होती. मंगळवार पेठेतल्या मैदानावर पहाटे उठून अंगाला माती फासून घेतली होती ती ह्याच एका रविवारसाठी. शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून ती पोरांना शिट्टी वाजवून पळवायची, खरी. पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात असायचा तो गोलपोस्टचा चौकोन.

"आत्ता तर म्हणालासा, गरजेपेक्षा जास्त काढायचा न्हाय म्हणून."

"म्हणालो. पण मूळ आडवं तडकलं असेल, तर ती रेघ एकाच बाजूनं पाहिलं तर लपू शकते. किरण तिच्या रेषेत गेले तरच दिसते."

"आन् दुसऱ्यात बी न्हाय दिसली तर तिसरा. मग चौथा!"

"नाही. तिसऱ्याचं कारण नसेल तर मी काढणार नाही." तो शांत होता. "कशासाठी, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. नाही म्हणायचाही आहे. पण मग 'दात ठीक आहे, खेळायला हरकत नाही' असं मी म्हणणार नाही."

"नगा म्हणू," मोना म्हणाली, आणि एप्रन काढून ताडताड जिना उतरली.

सूरज सरांना, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांना, तिनं संध्याकाळी सांगितलं, "एक्स-रेत काय न्हाय आलं." ते खोटं नव्हतं. पण सांगताना तिची नजर मैदानावरच्या चुन्याच्या रेघेवर होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी आईनं, मीनाबाईंनी, भडंगाची वाटी पुढं ठेवली. मोनानं एक घास घेतला आणि तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. पुढचा दात मुळापासून नव्हे, मधूनच हलल्यासारखा वाटला. तिनं घास गिळला. आई पाहत होती.

"मोने, दात बघू."

"काय न्हाय गं."

मीनाबाई दवाखान्यात नर्स होत्या. 'काय न्हाय' म्हणणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझा दात हाय. तूच ठरीव."

मोनानं गाडीला किक मारली. राजारामपुरीत पोचली तेव्हा रूपाली नुकतं शटर वर करत होती, आणि धैर्यशील जिन्यात चावी शोधत उभा होता. तिला पाहून तो वाट देत बाजूला सरला.

"काढा दुसरा," ती म्हणाली. "खरं आधी एक सांगा. परवा मी गेल्यावर तुमाला काय वाटलं? कोण कुठली पोरगी, मरू दे?"

"दोन दिवस तुमचाच फोटो बघतोय," तो म्हणाला आणि एकदम कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे… दाताचा."

"दाताचाच म्हणा," मोना म्हणाली. भीती वाटत होती, तरीही तिला हसू आलं.

दुसरा फोटो पडद्यावर आला. दोघं शेजारी शेजारी उभे राहून बघत होते. मुळाच्या मध्यावर एक बारीक काळी रेघ होती. केसाएवढी. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं नाही, ठेवावंच लागलं नाही.



"उद्या खेळले तर?" मोनानं विचारलं. तिचं नेहमीचं, पोरांसारखं 'खेळलो'सुद्धा कुठं गेलं होतं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"एक धक्का बसला तर दात जाईल. कदाचित हाडाचा तुकडाही. आज तार लावून बांधला, महिनाभर सांभाळला, तर बहुतेक वाचेल. बहुतेक म्हणतोय, नक्की नाही म्हणत."

"तुमी ह्यो दुसरा काढलाच नसता तर मी खेळलो असतो."

"हो."

"मग कशाला बोललासा?"

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदी उघडे, निराधार दिसत होते. "तुम्ही माझ्यावर चिडाल हे कळत होतं. फार वाईट वाटत होतं त्याचं. तरी… दिसत असलेलं लपवता येत नाही मला."

मोना तिथून तडक निघाली. पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे, अक्षता मॅडमकडे, जाऊन तिनं तार बसवून घेतली. आणि सूरज सरांना स्वतः जाऊन सांगितलं, "उद्या मी गोलात न्हाय." सर तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

रविवारी मैदानाच्या कडेला पेठेतली अर्धी माणसं होती. ढोल, शिट्ट्या, आरडाओरडा. राखीव गोलकीपर जीव तोडून खेळली, मोना गोलच्या मागं उभी राहून तारेतल्या तोंडानं ओरडत राहिली, "डावीकडं! डावीकडं बघ की!" पण शेवटच्या क्षणी बॉल खांबाला लागून आत गेला. एका गोलनं हार.

गर्दी पांगली तरी मोना गोलच्या जाळीला धरून उभी होती. पाठीमागं कुणीतरी येऊन थांबलं. तिनं वळून पाहिलं. धैर्यशील. पांढरा शर्ट, मैदानावरच्या मातीत माखलेले काळे बूट.

"बघाय आलतासा? मजा आली?"

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"मग कशाला आला?"

"तुम्हाला कुणावर तरी चिडायचं असेल," तो म्हणाला. "म्हटलं, समोर असावं."

आणि मोना चिडली. अर्धा तास चिडली. निवड समितीवर, खांबावर, गुडघ्यावर, त्या काळ्या रेघेवर, आणि सगळ्यात जास्त त्याच्यावर. तो एकेक शब्द ऐकत उभा राहिला, एक पाऊलही मागं न सरता. बोलून बोलून ती दमली, जमिनीवर बसली आणि रडली. मग त्यानंही बूट काढून बाजूला ठेवले आणि शेजारी मातीत बसला.

"पळाला न्हाईसा," थोड्या वेळानं नाक पुसत ती म्हणाली.

"नाही."

महिन्याभरानं तार निघाली. मग तपासणीचा एक्स-रे. दात जिवंत होता, रेघेच्या दोन्ही बाजू घट्ट धरून होत्या. पुढचा एक्स-रे आता थेट पावसाळा संपल्यावर, असं धैर्यशीलनं सांगितलं. मोनानं मान डोलावली. जिना उतरताना तिला जाणवलं, की ही बातमी चांगली आहे आणि तरीही तिला मुळीच आवडलेली नाही.

जुलैत एका संध्याकाळी ती पुन्हा काउंटरसमोर उभी राहिली. रेनकोटवरून पाणी निथळत होतं.

"दात दुखतोय," तिनं सांगितलं.

रूपालीनं तिच्याकडे पाहिलं, खिडकीतल्या मुसळधार पावसाकडे पाहिलं. "एवढ्या पावसात? लईच दुखत असणार," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून आत वर्दी द्यायला गेली.

धैर्यशीलनं दातावर हलकेच टिचकी मारली. "दुखतं?"

"व्हय."

"हा?"

"त्यो बी."

"मोना, हा तर दुसऱ्या बाजूचा आहे."

"मग सगळीकडंच पसरलं असंल," ती म्हणाली. "काढा की एक्स-रे."

"नाही काढणार. काही गरज नाही."

"पैल्यांदा गरज न्हवती वाटत तर मागं लागून काढला. आता पेशंट सोता मागतोय तर न्हाय म्हणता?"

"पेशंटनं मागितला म्हणून काढायचा नसतो." त्यानं आरसा खाली ठेवला. बोलताना तो तिच्याकडे न बघता ट्रेमधली हत्यारं सारखी करत होता. "आज एक्स-रे गरजेचा नाही."

"आन् मी आलो त्ये?"

हत्यारं सारखी करणारे हात थांबले. बाहेर पन्हाळीतून पाणी धो धो पडत होतं.

"ते… गरजेचं होतं," धैर्यशील म्हणाला. "मला."

मोनाला वाटलं, आपलं काळीज आता शिशाच्या एप्रनमधूनसुद्धा मशीनीत दिसेल. पण ती गोलात वाढलेली पोरगी होती. समोरून काय येतंय ते तिला नजर न हलवता बघायची सवय होती.

"मग एक इचारतो, सरळ सांगा," ती म्हणाली. "मी कांबळे. माझ्या आज्यानं बाबासाहेबांच्या मागनं धम्म घेतला. आमच्या घरात बुद्धवंदना हुतीया. तुमी चौगुले, कागलाकडचं शेतीवाडीचं घर. हितं राजारामपुरीत गोड गोड बोलायचं आन् घरी जाऊन मान खाली घालायची, असलं मला चालत न्हाय. चोरून चहासुद्धा प्यायची न्हाय मी."

"घरी सांगतो," तो म्हणाला.

"कवा?"

"या रविवारी."

"नाव धैर्यशील हाय म्हणून बोलताय का खरंच?"

"नाव आजोबांनी ठेवलं," तो म्हणाला. "हे मी बोलतोय."

त्यानं सांगितलं. वडील, बाबासो, दूध काढता काढता उठून गोठ्याबाहेर गेले आणि बराच वेळ उसाकडे बघत राहिले. पण बोलले काही नाहीत. बोलली आई. शालूबाई. रडली, ओरडली, भावकीचं नाव घेतलं, आणि मग बोलायचीच थांबली. धैर्यशील दर रविवारी गावी जायचा. आई ताट वाढायची, समोरून उठून जायची. तो जेवायचा, ताट धुवायचा, "पुढच्या रविवारी येतो," म्हणायचा. हे सगळं तो मोनाला सांगायचा, न लपवता, न वाढवता. दोघं आता उघड्यावर चहा प्यायचे. कधी शाहूपुरीत, कधी तिच्या शाळेच्या दारात. मीनाबाईंनी त्याला एकदाच घरी बोलावून पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, "पोरा, माझी लेक वाट बघंल. खरं लई न्हाय."

ऑक्टोबरात मोनाच्या तपासणीचा दिवस होता. दात छान होता, दोन्ही कोनांतून. अक्षता मॅडमनी दातांवर बसवायचं संरक्षक कवच करून दिलं होतं, सूरज सरांनी तिला परत गोलात घेतलं होतं, आणि राज्याच्या शिबिराची निवड नव्या हंगामात पुन्हा होणारच होती. त्या खुशीत ती बाहेर आली, आणि दार ढकलून एक बाई आत आल्या. डोक्यावर पदर, गाल टम्म सुजलेला, मागं पिशवी धरून बाबासो.

"आई!" धैर्यशील धावला.

शालूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण दुखणंच असं होतं, की अबोला धरायला तोंडच जाग्यावर नव्हतं. दाढ आतून सडली असावी, सगळ्या जबड्याचा एक्स-रे लागणार होता. मशीन दाखवल्याबरोबर त्या दोन पावलं मागं सरल्या.

"मी त्यात डोस्कं घालणार न्हाय! कॅन्सर हुतोय म्हणं त्यानं!"

"आई, रेडिएशनचा डोस अगदी कमी…"

"तू बोलू नगंस!"

तेवढ्यात त्यांची नजर मोनावर गेली. धैर्यशीलनं एक श्वास घेतला. "आई, ही मोना."

रूपालीनं पेन खाली ठेवलं. मोना पळू शकली असती. दार मागंच होतं. ती पुढं झाली आणि शालूबाईंच्या शेजारी बाकड्यावर बसली.

"मीनाबाई कांबळेंची मी. मंगळवार पेठेतली," ती म्हणाली. "माझ्यावर राग असू दे. खरं गाल लई सुजलाय मावशी, त्याचं आधी बघू. काय इचारायचं असंल तर मला इचारा. मी पेशंटच हाय, डॉक्टर न्हाय."

शालूबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाल्या, "दुखतंय व्हय त्येनं?"

"जरा बी न्हाय. तोंडात सुई न्हाय, काय न्हाय. उभं ऱ्हायाचं, हनुवटी टेकवायची, एक कांडी दातांत धरायची. मशीन तुमच्या डोक्याभवती एक चक्कर मारतंय, घाण्याचा बैल फिरल्यागत. तवर हलायचं न्हाय."

"आन् त्ये किरणाचं?"

"मी बी ह्येच इचारलंतं. अगदी थोडं असत्यात. उगंच काढायचा न्हाय, कारण असंल तरच काढायचा. ह्यो तुमचा ल्योक मी मागितला तरी न्हाय म्हणला मला. आज कारण हाय. आत पू कुठवर गेलाय त्ये बघितल्याबिगर दाढ काढणारा तरी काय करंल? अंधारात हात घातल्यागत."

शालूबाईंचं तोंड वेदनेनं वाकडं झालं. त्यांनी पोराकडे पाहिलं, परक्या माणसाकडे बघावं तशा नजरेनं, आणि उठल्या.

"कानातलं, गळ्यातलं काढावं लागेल आई," धैर्यशील चाचरत म्हणाला. "धातूची सावली पडते… मंगळसूत्रसुद्धा."

शालूबाईंचा हात गळ्याशी गेला. लग्नापासून ते तिथून हललं नव्हतं. बाबासोंनी मान फिरवली. रूपाली हळूच म्हणाली, "मावशी, बायका हितं काढत्यात की, घडीभरच असतंय," पण ती काउंटरपाशीच थांबली. कुणाचाच हात पुढं झाला नाही.

शालूबाईंनी डोळे मिटून पोत डोक्यावरून काढली. क्षणभर मुठीत धरली. नवऱ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. आणि मग वळून मूठ मोनासमोर धरली.

"धर," त्या म्हणाल्या. "भुईवर ठेवू नगंस."

मोनानं दोन्ही हातांची ओंजळ केली. आयुष्यात तिनं किती बॉल धरले होते, पण एवढं जपून काही धरलं नव्हतं.

मशीन फिरलं. शालूबाई ताठ उभ्या होत्या, गावच्या देवळातल्या समईसारख्या. काचेपलीकडं धैर्यशील पडद्याकडे बघत होता, आणि मधूनच मोनाच्या ओंजळीकडे. पहिल्या फटक्यात स्वच्छ फोटो आला.

बाहेर येऊन शालूबाईंनी मान खाली केली. "घाल. मला हात वर करवंना." मोनानं पोत डोक्यावरून घातली, पदर सारखा केला. जवळून त्यांना गोठ्याचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता.

"पोरगं इंग्रजीत बडबडतंय," शालूबाई म्हणाल्या. "तू बरी सांगतीस." मग सुजल्या गालावर हात ठेवून, बऱ्याच प्रयत्नानं, "तुझ्या आईला घिऊन ये एकदा. माझं मन अजून बसलेलं न्हाय, खोटं कशाला सांगू. खरं येत जा."

"येतो मावशी," मोना म्हणाली.

बाबासो बायकोला घेऊन दाढेच्या डॉक्टरांकडे निघाले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला. जिन्याच्या वळणावर मोना आणि धैर्यशील दोघंच उरले. खिडकीतून संध्याकाळचं पिवळं ऊन त्याच्या चष्म्यावर आलं होतं.

"जावा की आईबरोबर," मोना म्हणाली.

"जातो. पण आधी…" तो थांबला. त्याचं पुण्यात शिकलेलं सगळं नीटनेटकं मराठी त्या एका क्षणात कुठल्या कुठं गेलं. "मोने, तुझ्याबिगर न्हाय जमायचं मला. लगीन करशील माझ्यासंगं?"

मोनानं उत्तर द्यायच्या आधी त्याचा हात धरला. घट्ट, दोन्ही हातांनी.

"करतो की," ती म्हणाली. "इचाराय एवढा येळ लावलासा व्हय?"

खालून शालूबाईंची हाक आली, "आरं, येतोयस न्हवं?" आणि दोघंही, हात न सोडता, जिना उतरायला लागले.